रक्तातील आम्ल आणि साक्षीदार प्रतिपिंड

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या भाषणाचा विषय छापील पत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रक्तातील आम्ल, एन्झाइम, प्रतिपिंड हे शब्द प्रयोगशाळेतले. आपल्या घरादाराशी त्यांचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हा विषय आपल्या प्रत्येक श्वासाशी निगडित आहे. आणि आपल्या मुलामुलींचे रिश्ते आपण कसे जुळवतो, या प्रश्नापर्यंतही तो येऊन पोहोचतो. म्हणून थोडा धीर धरून ऐकावे, ही विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला घरी करता येईल अशा एका प्रयोगापासून सुरुवात करू. पानाला लावतात तो चुना चमचाभर घ्या, पेलाभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी हलकेच दुसऱ्या पेल्यात ओता. आता एक नळी घेऊन त्या निवळीत हळूहळू फुंका. निवळी ओढून तोंडात घेऊ नका, कारण चुन्याने तोंड भाजते. थोड्याच वेळात पाणी दुधासारखे पांढरे होईल. तुमच्या श्वासातून आलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूने चुन्याची पुन्हा शिंपल्याची माती केली. आपल्या मालवण किनाऱ्यावर शिंपल्या भट्टीत भाजून चुना पाडत असत, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. भट्टीत शिंपलीतून जो वायू निघून जातो, तोच तुम्ही फुंकून परत दिलात. आणखी बराच वेळ फुंकत राहिलात तर पांढरे झालेले पाणी पुन्हा निवळू लागेल. वायू पाण्यात विरला की सौम्य आम्ल तयार होते आणि ते त्या पांढऱ्या कणांना विरघळवते. बाटलीतल्या सोड्याचा जिभेला लागणारा चुरका तो हाच.

हेच आम्ल आपल्या शरीरात रात्रंदिवस तयार होत असते. आपण भात खातो, मासळी खातो, भाकरी खातो. पेशींमध्ये हे अन्न प्राणवायूच्या साहाय्याने जळते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला अर्ध्या किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो सगळा रक्तातून फुप्फुसापर्यंत न्यायचा, आणि तो नेताना रक्त आंबू द्यायचे नाही, असे हे बिकट काम आहे.

रक्ताचा आंबटपणा पीएच नावाच्या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. त्याहून कमी म्हणजे आम्ल आणि जास्त म्हणजे अल्कली. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. तो ६.८ च्या खाली घसरला किंवा ७.८ च्या वर गेला, तर जीव वाचणे कठीण. खाडीच्या तोंडातून होडी आत घेताना दोन्ही बाजूंच्या खडकांचे भान नाखव्याला ठेवावे लागते. शरीराला तसे भान क्षणोक्षणी ठेवावे लागते.

येथे एक गोष्ट अभिमानाने, पण फुशारकी न मारता सांगावीशी वाटते. अल्कली हा शब्द अरबी आहे. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख म्हणजे अल-कली. ती राख आणि तेल मिळून साबण करीत. आपल्याकडे राखेने भांडी घासत असत, त्यामागचे कारण तेच. आणि रक्त उजव्या हृदयातून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या हृदयात येते, हे १२४२ साली लिहून ठेवणारा वैद्य म्हणजे इब्न अल-नफीस. दमास्कसजवळ त्याचा जन्म झाला, कैरोत त्याने रुग्णसेवा केली आणि १२८८ साली तो वारला. ग्रीक वैद्य गॅलेनचे आणि खुद्द इब्न सीनाचे मत त्याने नाकारले. हृदयाच्या मधल्या पडद्यात रक्त झिरपण्याजोगी छिद्रे नाहीत, असे त्याने ठासून सांगितले. त्याचे हस्तलिखित पुढे विस्मरणात गेले. १९२४ साली मुहिउद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने ते बर्लिनच्या ग्रंथालयात शोधून काढले. पूर्वजांनी लावलेला शोध आपणच विसरलो, आणि एका तरुण विद्यार्थ्याने चिकाटीने तो परत मिळवला. यातून काय घ्यायचे ते ज्याचे त्याने घ्यावे.

आता मूळ कोड्याकडे येऊ. पेशीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड रक्तात आला की त्यातील सुमारे ७० टक्के भाग पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेट या रूपात प्रवास करतो. फुप्फुसात पोहोचल्यावर बायकार्बोनेटचे पुन्हा वायूत रूपांतर होते आणि तो उच्छ्वासातून बाहेर पडतो. पण तांबडी पेशी फुप्फुसातील सूक्ष्म केशवाहिनीत थांबते ती जेमतेम पाऊण सेकंद. आणि साध्या पाण्यात हे रूपांतर व्हायला कित्येक सेकंद लागतात. म्हणजे सामान उतरायच्या आतच गाडी स्टेशन सोडते. मग माणूस जगतो कसा?

याचे उत्तर इंग्लंडमधील केंब्रिज येथे नॉर्मन मेल्ड्रम आणि फ्रान्सिस राउटन यांनी १९३३ साली दिले. तांबड्या पेशींमध्ये त्यांना एक एन्झाइम सापडले. मराठीत एन्झाइमला विकर म्हणतात. त्याचे नाव कार्बोनिक अनहायड्रेज. विकर म्हणजे स्वतः न झिजता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. १९४० साली केलिन आणि मान या शास्त्रज्ञांनी दाखवले की या विकराच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो आणि त्याच्यावाचून त्याचे काम चालत नाही. जस्त म्हणजे छपराच्या पत्र्याला मुलामा देतात तो धातू. या विकराच्या सर्वांत चपळ प्रकाराचा एक रेणू एका सेकंदात सुमारे दहा लाख वेळा ही क्रिया घडवतो. इतक्या वेगाने काम करणारी विकरे निसर्गात फार थोडी आहेत.

हे विकर केवळ रक्तात असते असे नाही. मूत्रपिंडात ते जादा आम्ल लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते. जठरात अन्न पचवणारे आम्ल तयार करण्यात त्याचा हात असतो. डोळ्यातील द्रव पाझरण्यात त्याचा वाटा आहे; म्हणून काचबिंदूच्या रोग्यांना हे विकर रोखणारे असेटाझोलामाइड नावाचे औषध १९५४ पासून देऊ लागले. उंच पर्वतावर जाणाऱ्यांनाही तेच देतात. कोंबडीच्या अंड्याचे कवच घडवण्यासाठी हे विकर लागते. ते रोखणारे सल्फा औषध कोंबडीला दिले तर ती पातळ कवचाची अंडी घालते. मे महिन्याच्या उकाड्यात घरच्या कोंबडीची अंडी नाजूक का निघतात, हे अनेक गृहिणींना पडलेले कोडे असेल. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातून कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून जातो आणि कवचाला माल कमी पडतो. मोत्याच्या कालवाच्या शिंपल्यातही १९९६ साली जपानी शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडले, आणि त्याचा एक भाग याच विकराच्या घाटाचा निघाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. ते प्रवाळ, आपल्या खाडीतले खुबे, तिसरे, कालवे हे सगळे आपले घर बांधताना याच जातीच्या विकराचा आधार घेतात.

आता प्रश्न असा. एखाद्या माणसाच्या रक्तात, किंवा मूत्रपिंडाच्या तुकड्यात, हे विकर आहे की नाही हे ओळखायचे कसे? ते डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकातूनही त्याचा रेणू दिसत नाही. रक्तात शेकडो प्रथिनांची गर्दी असते. त्या गर्दीतून नेमके एकालाच ओळखून बोट दाखवणारा साक्षीदार हवा. तो साक्षीदार म्हणजे प्रतिपिंड.

प्रतिपिंड तुम्ही पाहिलेले आहेत, फक्त त्यांना त्या नावाने ओळखत नाही. रक्तदान शिबिरात तुमचा रक्तगट तपासतात, तेव्हा काचेवर रक्ताचे थेंब घेऊन एकात निळे आणि दुसऱ्यात पिवळे औषध टाकतात. ज्या थेंबाच्या गुठळ्या होतात त्यावरून गट ठरतो. ते निळे आणि पिवळे औषध म्हणजे ए आणि बी या खुणा ओळखणारी प्रतिपिंडे. हे रक्तगट व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली जाहीर केले. कोरोनाच्या साथीत घरी आणलेल्या तपासणीच्या पट्टीवर रेघ उमटत असे, ती रेघही प्रतिपिंडांमुळेच.

आपल्या जिल्ह्यात तर प्रतिपिंडांनी कित्येकांचे प्राण वाचवले आहेत. कातळावर, आंब्या-काजूच्या बागेत फुरसे चावते. त्यावर दवाखान्यात जी लस देतात, ती वस्तुतः लस नव्हे. ती घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे असतात. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी घरोघर ठाऊक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या धामधुमीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. सर्पदंशाच्या औषधासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत टोचतात. घोड्याचे शरीर त्या विषाला ओळखायला शिकते आणि त्याला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे तयार करते.

कार्बोनिक अनहायड्रेज ओळखणारे प्रतिपिंड याच मार्गाने तयार होते. फक्त विषाच्या जागी शुद्ध केलेले विकर असते आणि घोड्याच्या जागी बहुधा ससा. माणसाचे हे विकर सशाला परके असते. काही आठवड्यांच्या अंतराने त्याला ते टोचत गेले की दोन-तीन महिन्यांत त्याच्या रक्तात त्या विकराला घट्ट धरणारी प्रतिपिंडे तयार होतात. थोडे रक्त काढून, गोठू देऊन, वरचे पिवळसर पाणी वेगळे केले की साक्षीदार तयार झाला. त्याला रंग किंवा चकाकणारा पदार्थ जोडला, म्हणजे तो जेथे चिकटेल तेथे खूण उमटते. मूत्रपिंडाच्या पातळ कापावर तो सोडला तर कोणत्या पेशींत विकर आहे ते दिसते. रक्ताच्या नमुन्यावर सोडला तर विकर किती आहे ते मोजता येते. अशी मोजणी करणारी एलायझा नावाची पद्धत १९७१ साली पुढे आली. प्रथिने वजनानुसार वेगळी करून कागदासारख्या पडद्यावर उतरवायची आणि मग प्रतिपिंडाने ओळखायची, ही पद्धत १९७९ साली आली.

सशाच्या रक्तातून मिळणारी प्रतिपिंडे एकाच नमुन्याची नसतात. रापण ओढताना जशी दहावीस माणसे दोराला वेगवेगळ्या ठिकाणी हात घालतात, तशी ही प्रतिपिंडे विकराला अनेक बाजूंनी धरतात. पकड चांगली बसते. पण रापणीत जसे नको ते मासेही येतात, तसे येथेही होऊ शकते. १९७५ साली केंब्रिज येथे ज्योर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच नमुन्याची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही प्रतिपिंडे म्हणजे एकाच मापाचा गळ. प्रत्येक प्रकाराचे फायदे आहेत आणि तोटेही आहेत.

आता माझ्या भाषणातील महत्त्वाचा भाग. साक्षीदार मिळाला म्हणून त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा का? न्यायाच्या दरबारात काझी आधी साक्षीदाराची पारख करीत असे; हा माणूस खरे बोलणारा आहे का, त्याने खरोखर पाहिले आहे का, हे तपासून मगच त्याची शहादत मानली जाई. प्रयोगशाळेत तोच नियम आहे, आणि या विकराच्या बाबतीत तर तो फार कडक पाळावा लागतो. कारण कार्बोनिक अनहायड्रेज हे एकटे नाही, ते मोठे कुटुंब आहे. माणसाच्या शरीरात त्याचे सुमारे १५ प्रकार आहेत. तांबड्या पेशीत त्यातील पहिला आणि दुसरा असे दोन भाऊ राहतात. दोघांचा बांधा जवळजवळ सारखा, वजन सारखे, आणि प्रथिनाच्या साखळीतील शंभरातले सुमारे साठ मणी तेच. पहिला भाऊ संख्येने कितीतरी पट जास्त, पण कामाला संथ. दुसरा थोडका, पण विलक्षण चपळ. समजा, तुमचे प्रतिपिंड दोघांनाही धरते. मग दुसरा भाऊ रक्तातून पूर्ण नाहीसा झाला असला, तरी पहिल्याला धरून ते प्रतिपिंड सांगेल, "सगळे ठीक आहे." खोटा साक्षीदार तो हाच.

म्हणून पारख अशी करतात. प्रतिपिंड प्रथम शुद्ध दुसऱ्या भावावर सोडायचे. त्याने धरले पाहिजे. मग शुद्ध पहिल्या भावावर सोडायचे. त्याने सोडून दिले पाहिजे. मग दुसरा भाऊ मुळीच नाही अशी खात्री असलेला नमुना घ्यायचा. तेथे खूण उमटता कामा नये. शेवटी प्रतिपिंड न घालताच सगळी कृती करून पाहायची. तरीही रंग आला, तर तो रंग फसवा. एवढ्या कसोट्या पार केल्यावरच त्याची साक्ष ग्राह्य. विद्यार्थी मित्रांनो, ही सवय नुसत्या प्रयोगशाळेपुरती नाही. बाजारात, निवडणुकीत, मोबाइलवर येणाऱ्या बातमीत आणि लग्नाच्या बोलणीतही हीच कसोटी लावा. जी गोष्ट आपल्याला ऐकायला आवडते तिच्या साक्षीदाराची पारख दुप्पट करा.

अशा पारखलेल्या साक्षीतून काय साधते, त्याचा दाखला १९८३ सालचा आहे. अमेरिकेत एका कुटुंबात तीन बहिणींना एक विचित्र आजार होता. हाडे दगडासारखी दाट, तरीही मोडणारी. मूत्रपिंडे रक्तातील आम्ल बाहेर टाकू शकत नव्हती. आणि मेंदूत चुन्याचे कण साठलेले. हाडे, मूत्रपिंड आणि मेंदू या तिन्ही ठिकाणी बिघाड, पण धागा सापडत नव्हता. सेंट लुईस येथील डॉ. विल्यम स्लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की या सगळ्या ठिकाणी काम करणारे विकर एकच आहे, दुसऱ्या प्रकारचे कार्बोनिक अनहायड्रेज. हाडे झिजवून नव्याने घडवणाऱ्या पेशींना आम्ल लागते, ते हेच विकर पुरवते. ते नसेल तर जुने हाड विरघळत नाही आणि हाड दाट होत जाते. त्यांनी रक्ताची रासायनिक परीक्षा केली, प्रतिपिंडांची परीक्षा केली. पहिला भाऊ तिन्ही बहिणींच्या रक्तात होता. दुसरा नव्हता. आणि मुलींचे आईबाप, जे स्वतः धडधाकट होते, त्यांच्या रक्तात दुसरा भाऊ साधारण निम्माच होता. १९८५ साली त्यांनी निरनिराळ्या देशांतील १२ कुटुंबांत हाच दोष दाखवून दिला.

पालकांनो, त्या आईबापांच्या रक्तातील "निम्मा" या शब्दाकडे लक्ष द्या. प्रत्येक विकराची कृती शरीरात दोन प्रतींत लिहिलेली असते. एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते. माणूस निरोगी राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. पण नवरा-बायको दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता असते की मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. हा आजार जगात फार दुर्मिळ आहे. परंतु नोंदलेल्या रोग्यांत सौदी अरेबिया, कुवेत आणि उत्तर आफ्रिकेतील कुटुंबे बरीच आहेत, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात होणारी लग्ने.

हा विषय नाजूक आहे हे मी जाणतो. चुलत, मामे, आते, मावस भावंडांत निकाह आपल्याकडे होतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील कित्येक हिंदू समाजांतही आहे, आणि दक्षिणेत तर मामा-भाचीची लग्ने होत आली आहेत. तेव्हा हा एका धर्माचा प्रश्न नव्हे. शरीअतने अशा निकाहाला परवानगी दिली आहे. सक्ती केलेली नाही. जे करायला मोकळीक आहे, ते विचार करून करावे, एवढेच माझे म्हणणे. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत आनुवंशिक मजकुराचा सरासरी आठवा हिस्सा सामाईक असतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात दोष असलेली बालके इतरांत शंभरास सुमारे ३, तर भावंडांच्या लग्नातून सुमारे ६, असे त्यात आढळले. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. धोका दुप्पट होतो, हे खरे. आणि शंभरातली ९४ मुले त्या दोषांपासून मुक्त असतात, हेही खरे. ज्यांचे निकाह झाले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. ज्यांचे व्हायचे आहेत त्यांनी माहिती करून घ्यावी. आणि एका घरात पिढी दर पिढी नात्यातच लग्ने होत असतील, तर एखादा रिश्ता बाहेर पाहण्यात कुणाचा मान कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मूल आजारी जन्मले की बोट सुनेकडे जाते. "तिच्याच माहेरचा दोष," असे म्हटले जाते. वर सांगितलेला हिशेब पुन्हा पाहा. अशा आजारात एक प्रत आईची आणि एक प्रत बापाची असल्याशिवाय आजार होतच नाही. दोष असेल तर निम्मा-निम्मा आहे. खरे तर तो कुणाचाच नाही. जी गोष्ट रक्ताच्या थेंबात निम्मी-निम्मी मोजता येते, तिच्यासाठी एकट्या बाईला आयुष्यभर बोल लावणे हा उघड अन्याय आहे.

आता काय करायचे ते सांगतो. पहिली गोष्ट, मूल वयाप्रमाणे वाढत नसेल, क्षुल्लक पडण्याने हाड मोडत असेल, नजर मंद होत असेल, तर नजर उतरवण्यात आणि ताईत बांधण्यात महिने घालवू नका. दुआ जरूर करा, पण डॉक्टरकडे न्या. रक्तातील बायकार्बोनेट आणि क्षार मोजणे ही साधी तपासणी आहे. आम्ल साठत असेल तर अल्कली औषध देऊन ते आवरता येते. दुसरी गोष्ट, आपल्या देशात या दुर्मिळ आजारापेक्षा कितीतरी जास्त आढळणारा, त्याच चारात एकच्या हिशेबाने येणारा आजार म्हणजे थॅलेसेमिया. भारतात शंभरात सुमारे ३ ते ४ माणसे त्याची वाहक असतात आणि रक्ताच्या एका तपासणीने ते कळते. मंगनीच्या आधी मुलगा आणि मुलगी दोघांची ही तपासणी करावी. फक्त मुलीची नव्हे, दोघांची. आपल्या संस्थेने वर्षातून एकदा असे शिबिर भरवावे, अशी माझी अध्यक्ष महाशयांना नम्र सूचना आहे.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. आपल्या किनाऱ्यावरचे तरुण पूर्वी जहाजावर खलाशी म्हणून गेले, मुंबईच्या गोदीत गेले, पुढे आखातात गेले. त्यांच्या मनिऑर्डरींवर घरे उभी राहिली, त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण आता दुसरे रस्तेही खुले आहेत. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. शिंपल्या, कोळंबी, मासे यांचा शास्त्रीय अभ्यास तेथे होतो. आपल्या जिल्ह्यात ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० साली कोरोनाची प्रतिपिंडे ओळखणारी भारतीय चाचणी तयार केली. असे काम करायला आकाशातून माणसे उतरत नाहीत. बारावीला रसायन आणि जीवशास्त्र मनापासून शिकलेली मुले-मुलीच तेथे जातात. आणि मुली या कामात कुठेही मागे नाहीत. प्रयोगशाळेच्या कामाला लागते ती नजर, स्वच्छता, चिकाटी आणि प्रामाणिक नोंद. हे गुण आपल्या मुलींकडे आहेतच. त्यांना फक्त दहावीनंतर घरी बसवू नका.

समुद्रावर जगणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी. कारखाने आणि गाड्या यांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड समुद्रातही विरतो आहे. औद्योगिक युगाच्या सुरुवातीला समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, तो आता सुमारे ८.१ झाला आहे. आकडा लहान दिसतो. पण या मापाच्या हिशेबात त्याचा अर्थ आंबटपणा सुमारे पाव पटीने वाढला असा होतो. माणसाच्या रक्ताला तोल सांभाळणारी फुप्फुसे आणि मूत्रपिंडे आहेत. समुद्राला ती नाहीत. कालवाच्या शिंपलीचे पुढे काय होणार, हे शोधायला कुणीतरी याच किनाऱ्यावरचे हवे. ते कुणीतरी आज या सभागृहात, कदाचित मागच्या बाकावर, बसलेले असेल.

शेवटी थोडक्यात सांगायचे तर, रक्तातील एका अदृश्य कामगाराला ओळखण्यासाठी माणसाने साक्षीदार घडवला, आणि मग त्या साक्षीदाराचीही परीक्षा घेतली. या दुसऱ्या पायरीला इल्म म्हणतात. आपली संस्था मुलांना पहिली पायरी दाखवतेच. दुसरी चढण्याचे बळ घरातून मिळू द्या. लग्नाच्या मांडवावर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा भाग मुलांच्या पुस्तकांवर आणि शाळेच्या प्रयोगशाळेवर खर्च झाला, तर पुढच्या पिढीचे काम पुष्कळ सोपे होईल.